निबर मांस मऊ कसे होते?

ठाणे जिल्ह्यात शहापूरहून डोळखांबकडे निघाले की रस्ता हळूहळू सह्याद्रीच्या पायथ्याकडे सरकू लागतो. दोन्ही बाजूंना भाताची खाचरे, मधूनमधून साग-ऐनाचे रान आणि पूर्वेला आजोबाच्या डोंगराची उभी भिंत. या भागातील वाड्या-पाड्यांत घराच्या परसात दाणे टिपणाऱ्या गावठी कोंबड्या आणि कुंपणाशी उभे असलेले पपईचे झाड या दोन गोष्टी सहज नजरेस पडतात. पाहुणा आला की परसातला कोंबडा चुलीवर चढतो. कोंबडा जून असेल तर घरातील जाणती बाई झाडावरची एक कच्ची पपई काढते, तिचा तुकडा वाटून मांसाला चोळते किंवा तसाच रश्शात सोडते. मग मांस लवकर शिजते, असा तिचा अनुभव असतो.

हा अनुभव खरा आहे. पण पपई असे काय करते? दही, मीठ आणि कोकम लावून मांस मुरत का ठेवतात? मुरवलेले मांस निखाऱ्यावर भाजले तर कधी लुसलुशीत होते आणि कधी चामड्यासारखे चिवट का राहते? या प्रश्नांची उत्तरे आपल्याला जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र या तिन्ही विषयांत मिळतील.

हा प्रश्न केवळ जिभेचा नाही. जून कोंबडा चुलीवर दोन-दोन तास रटरटत ठेवायचा म्हणजे तितके सरपण जाळायचे, आणि ते सरपण बहुतेक वेळा कोणा आईच्या किंवा बहिणीच्या डोक्यावरून रानातून आलेले असते. मांस नीट शिजले नाही तर ते चावत नाही म्हणून म्हातारे आणि लहान मुले ते बाजूला सारतात. म्हणजे ज्यांना प्रथिनांची गरज अधिक, त्यांच्याच ताटातून ती उठतात. म्हणून निबरपणाचे शास्त्र समजून घेणे उपयोगाचे आहे.

मांस म्हणजे काय?

आपण ज्याला मांस म्हणतो तो प्राण्याचा स्नायू होय. त्यात सुमारे तीन-चतुर्थांश पाणी आणि सुमारे एक-पंचमांश प्रथिने असतात. उरलेला भाग चरबी, क्षार वगैरेंचा. स्नायू लांबच लांब तंतूंचा बनलेला असतो. हे तंतू केसासारखे बारीक असून एका दिशेने शेजारी शेजारी रचलेले असतात. प्रत्येक तंतूभोवती एक पातळ वेष्टन असते. अशा अनेक तंतूंची एक जुडी, त्या जुडीभोवती आणखी एक वेष्टन, आणि अशा अनेक जुड्या मिळून स्नायू. भाताच्या पेंढ्या बांधून त्यांचा भारा करतात, तशीच ही रचना आहे. पेंढ्यातील काड्या म्हणजे स्नायुतंतू आणि पेंढ्या बांधणारे बंध म्हणजे संयोजी ऊतक.

काड्या आणि बंध या दोहोंची प्रथिने वेगळी आहेत. तंतूंमध्ये मुख्यतः मायोसिन आणि ॲक्टिन ही प्रथिने असतात. त्यांच्यामुळे स्नायू आकुंचन पावतो. बंधांमध्ये कोलॅजेन नावाचे प्रथिन असते. कोलॅजेनच्या रेणूत तीन साखळ्या एकमेकींभोवती दोरखंडाप्रमाणे पिळलेल्या असतात. ही तिपेडी रचना मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था या भारतीय शास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये मांडली. आज जगभरच्या जैवरसायनाच्या पुस्तकांत ती शिकवली जाते. आपली कातडी, अस्थिबंध, स्नायूंना हाडांशी जोडणारे कंडरे, या सर्वांना बळकटी देणारे प्रथिन तेच.

निबरपणाची दोन कारणे

आता मुख्य मुद्दा. मांस चिवट लागते त्याची दोन वेगवेगळी कारणे आहेत, आणि त्यांवरचे उपायही वेगवेगळे आहेत. बहुतेक फसगत एकाचा उपाय दुसऱ्यावर केल्यामुळे होते.

पहिले कारण तंतूंचे. तंतू लांब आणि घट्ट असतील तर ते दातांना तोडावे लागतात. ऊस आठवा. उसाचे लांब पेर सोलून खाताना दात दुखतात; पण त्याच्या आडव्या गंडेऱ्या केल्या की लहान मूलही त्या मजेत चावते. ऊस तोच, धागे तेच. फक्त त्यांची लांबी कमी झाली. मांसाचेही तसेच आहे. तंतूंच्या दिशेने उभे कापलेले तुकडे चिवट लागतात आणि तंतूंना आडवे छेद देऊन पातळ कापलेले तुकडे मऊ लागतात. या उपायाला ना मसाला लागतो, ना सरपण.

दुसरे कारण बंधांचे, म्हणजे कोलॅजेनचे. जो स्नायू जास्त काम करतो, त्यात बंध अधिक असतात. बोकडाच्या पाठीच्या चापांपेक्षा त्याची मान, खांदा आणि पायांचे मांस निबर असते ते यामुळेच. कोंबडीच्या छातीच्या मांसापेक्षा तंगडीला शिजायला वेळ लागतो, तोही यामुळेच. कारण कोंबडी दिवसभर चालते, पण उडते क्वचितच. मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेला मोठी जत्रा भरते आणि तिच्यातला बैलबाजार प्रसिद्ध आहे. बाजारात बैल पाहणारा शेतकरी त्याचे दात बघून वय ओळखतो आणि मान-खांदा चाचपून ताकद जोखतो. वय आणि काम, याच दोन गोष्टींवर कोलॅजेनचा चिवटपणा अवलंबून असतो. वय वाढते तसे कोलॅजेनच्या साखळ्यांमध्ये आडवे रासायनिक दुवे पडत जातात आणि ते उष्णतेलाही सहजासहजी दाद देत नाहीत. ब्रॉयलर कोंबडी साधारण सहा आठवड्यांतच बाजारात येते. तेवढ्या वेळात हे दुवे पक्के होत नाहीत. वर्षभर परसात हिंडलेल्या कोंबड्यात ते चांगलेच पक्के झालेले असतात.

मात्र अशा कष्टाळू स्नायूंना चवही अधिक असते, आणि त्यांच्यातील कोलॅजेन विरघळले की रस्सा दाट होतो. म्हणून जगभरचे स्वयंपाकी निबर भाग टाकून देत नाहीत, ते वश करण्याच्या युक्त्या शोधतात. परदेशात हा अभ्यास मुख्यतः गोमांसावर झाला आहे. महाराष्ट्रात गाईंच्या कत्तलीवर आधीपासूनच आणि वळू व बैल यांच्या कत्तलीवर २०१५ पासून कायद्याने बंदी आहे. म्हणून आपण येथे कोंबडा आणि बोकड यांचीच उदाहरणे घेऊ. शास्त्र सर्वांना सारखेच लागू पडते.

तापमान वाढते तेव्हा

मांस तापू लागले की त्यात क्रमाने पुढील बदल होतात. तापमाने सेल्सिअस अंशांत आणि स्थूलमानाने दिली आहेत.

५० ते ५५ अंश : मायोसिन गोठू लागते. अंड्याचा पांढरा बलक उष्णतेने घट्ट होतो, त्याच प्रकारचा हा बदल आहे.
६० ते ६५ अंश : कोलॅजेनची वेष्टने आकसतात. ओले फडके पिळावे तसा तंतूंमधील रस बाहेर पिळला जातो.
६५ ते ७५ अंश : ॲक्टिनही गोठते, तंतू ताठर होतात आणि कच्च्या मांसाचा लाल रंग जातो.
७० अंशांच्या पुढे : आकसलेले कोलॅजेन पाण्याच्या सान्निध्यात हळूहळू उलगडून त्याचे जिलेटिन बनते. याला बराच वेळ लागतो; तापमान जितके जास्त, तितका वेळ कमी.
१०० अंश : पाणी उकळते.
१४० अंशांच्या पुढे : पृष्ठभाग वेगाने तांबूस होतो आणि खमंग वास सुटतो.

या यादीत एक विरोधाभास दडला आहे, तो तुमच्या लक्षात आला का? उष्णतेने तंतू ताठर होतात, पण तीच उष्णता पुरेसा वेळ दिली तर बंध मऊ करते. म्हणूनच निबर मांस शिजताना आधी अधिकच चिवट होते आणि मग मऊ होते. पाऊण तासाने चाखून ‘हे काही शिजत नाही’ म्हणून भांडे उतरवणारा मनुष्य नेमका चुकीच्या क्षणी उतरवत असतो.

पपईची करामत

पपई मूळची आपल्याकडची नव्हे. ती मेक्सिको आणि मध्य अमेरिका या प्रदेशातून सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या काळात भारतात आली. कच्च्या पपईच्या सालीवर ओरखडा काढला की पांढरा चीक वाहतो. या चिकात प्रथिने तोडणारे विकर, म्हणजेच एन्झाइम, असते. कलकत्त्याच्या जी. सी. रॉय यांनी पपईच्या रसाचा मांसासारख्या अन्नावर होणारा परिणाम १८७३ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे १८७९ मध्ये वुर्ट्झ आणि बुशू या फ्रेंच शास्त्रज्ञांनी या विकराला ‘पपेन’ हे नाव दिले. हॉलंडमधील शास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याच्या रेणूची त्रिमितीय रचना उलगडली. २१२ अमिनो आम्लांची ही एकच साखळी असून तिच्यातील खाचेत प्रथिनाचा धागा सापडला की तो कातरीत सापडल्यासारखा तुटतो.

पपेन तंतूंची प्रथिने तोडते आणि उष्णतेने उलगडू लागलेले कोलॅजेनही तोडते. म्हणजे निबरपणाच्या दोन्ही कारणांवर ते काम करते. मात्र त्याच्या तीन मर्यादा लक्षात ठेवायला हव्यात.

पहिली मर्यादा तापमानाची. पपेनचा जोर ६० ते ७० अंशांच्या आसपास सर्वांत अधिक असतो आणि ८० अंशांच्या पुढे ते झपाट्याने निकामी होते. म्हणजे पपई चोळून ठेवलेल्या वेळापेक्षा भांडे हळूहळू तापत असतानाची मिनिटेच अधिक मोलाची! पपई लावलेले मांस एकदम भडक जाळावर ठेवले तर हा काळ हातचा जातो. सुरुवातीला आच मंद ठेवावी, ती याकरिता.

दुसरी मर्यादा खोलीची. विकराचा रेणू मोठा असतो. तो मांसात एक-दोन मिलिमीटरांपलीकडे क्वचितच जातो. म्हणून पपई लावून रात्रभर ठेवलेल्या जाड तुकड्याचा वरचा थर पिठासारखा गिळगिळीत होतो आणि आतला भाग होता तसाच राहतो. एक किलो मांसाला एक-दोन चमचे वाटलेली पपई आणि अर्धा ते एक तास पुरेसा होतो. तुकडे लहान करावेत आणि त्यांना चिरा द्याव्यात.

तिसरी मर्यादा फळाच्या वयाची. फळ पिकते तसा त्यातील चीक नाहीसा होत जातो. म्हणून या कामाला कच्ची, हिरवी पपईच हवी. तिचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये. त्वचेचीही आग होते.

अननसातील ब्रोमेलेन हे असेच विकर आहे. आल्यातही प्रथिने तोडणारे विकर असून ते कोलॅजेनवर चांगले काम करते. आपल्या वाटणात आले असते ते केवळ वासासाठी नव्हे, असे म्हणता येईल.

मीठ, दही आणि कोकम

मुरवणात मीठ सर्वांत महत्त्वाचे. मिठामुळे तंतूंतील काही मायोसिन विरघळते, तंतू फुगतात आणि पाणी धरून ठेवतात. त्यामुळे भाजताना रस कमी गळतो. शिवाय मिठाचे आयन अगदी लहान असल्यामुळे ते मसाल्याच्या इतर घटकांपेक्षा खोलवर जातात. हळद, मिरची आणि लसूण मात्र पृष्ठभागाजवळच राहतात. मुरवलेला तुकडा मधोमध कापून पाहा. पिवळा रंग केवळ कडेला दिसेल.

पदार्थ आत शिरण्याच्या या क्रियेला विसरण म्हणतात, आणि तिचा एक नियम आहे : अंतर दुप्पट हवे असेल तर वेळ चौपट लागतो. समजा, एका तासात मीठ २ मिलिमीटर आत गेले. तर ४ मिलिमीटर जायला चार तास आणि ८ मिलिमीटर जायला सोळा तास लागतील. जाड तुकडा जास्त वेळ मुरवण्यापेक्षा तो पातळ कापणे किती सोपे, हे या हिशेबावरून कळते.

दही, कोकम, चिंच आणि लिंबू यांतील आम्लांमुळे पृष्ठभागाजवळची प्रथिने उलगडतात. दह्याचे आम्ल सौम्य असते; म्हणून दह्यात मांस काही तास ठेवले तरी बिघडत नाही. लिंबाच्या रसात तसे केले तर वरचा थर गोठतो, पांढरा पडतो आणि भुसभुशीत व कोरडा लागतो. आम्ल अधिक म्हणजे मऊपणा अधिक, हे समीकरण खरे नाही.

तात्पर्य, मुरवण हे पृष्ठभागाचे शास्त्र आहे. ते चव देते, रस राखते आणि वरचे काही मिलिमीटर मऊ करते. जाड तुकड्याच्या पोटातील कोलॅजेनला मात्र त्याचा स्पर्शही होत नाही. तिथे उष्णता, पाणी आणि वेळ यांनाच जावे लागते.

निखाऱ्यावर भाजताना

लाकूड जळून धूर आणि ज्वाळा संपल्या की लालबुंद निखारे राहतात. कोणताही घन पदार्थ अंधारात लाल दिसू लागतो तेव्हा त्याचे तापमान सुमारे ५२५ अंश झालेले असते. म्हणजे झगझगीत लाल निखारा त्याहूनही तप्त असतो. त्याची उष्णता मुख्यतः प्रारणाने, हवेतून थेट, मांसापर्यंत पोहोचते. त्यामुळे पृष्ठभाग काही मिनिटांतच १४० अंशांच्या पुढे जातो. तिथे अमिनो आम्ले आणि शर्करा यांच्यात अभिक्रिया होऊन तांबूस रंगाचे, खमंग वासाचे शेकडो पदार्थ तयार होतात. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिय माय्यार यांनी १९१२ मध्ये या अभिक्रियेचे वर्णन केले म्हणून तिला त्यांचे नाव मिळाले. भाकरीचे खरपूस डाग आणि भाजलेल्या शेंगदाण्याचा वास यांत हिचाच मोठा वाटा असतो.

पृष्ठभाग ओला असेल तर त्यातील पाणी उडेपर्यंत तापमान १०० अंशांवर अडून राहते. म्हणून निखाऱ्यावर ठेवण्यापूर्वी जास्तीचे मुरवण निपटून काढावे.

निखारे भाजतात झटपट. मग कोलॅजेन विरघळायला लागणारा वेळ मिळणार कसा? या अडचणीतून दोन वाटा निघतात. पहिली वाट, तुकडे आडवे छेद देऊन पातळ करायचे, मुरवायचे आणि झपाट्याने भाजून काढायचे. कोरियात मांसाचे पातळ काप सोया सॉस आणि नाशपातीच्या रसात मुरवून भाजतात, ती हीच वाट. दुसरी वाट, निखाऱ्यांपासून दूर, सौम्य उष्णतेवर तासन्‌तास ठेवायचे. अर्जेंटिनातील लोक मांसाचे मोठे तुकडे असे धीराने भाजतात.

आपल्याकडेही दोन्ही वाटांची उदाहरणे आहेत. विरारजवळच्या आगाशीचे भुजिंग प्रसिद्ध आहे. त्यात कोंबडीचे मसाला लावलेले लहान तुकडे निखाऱ्यावर भाजून पोह्यांत मिसळतात. तो भाग पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ मध्ये पालघर जिल्हा निराळा झाला. याउलट रायगडकडील पोपटीत वालाच्या शेंगा, मसाला लावलेली कोंबडी आणि भांबुर्ड्याचा पाला मडक्यात भरून ते उपडे ठेवतात आणि भोवती जाळ करतात. मडक्यात पाणी घालत नाहीत. शेंगा आणि पाला यांच्याच वाफेवर सारे शिजते. बाहेर जाळ असला तरी आत वाफ आहे तोवर मांस करपत नाही.

भाजताना चरबी निखाऱ्यावर ठिबकू देऊ नये. तिच्या धुरातून आणि मांस करपल्याने शरीराला अपायकारक असे पदार्थ तयार होतात. काळा झालेला भाग काढून टाकावा.

सरपणाचा हिशेब

जून कोंबडा भाजण्यापेक्षा रश्शात शिजवणे अधिक शहाणपणाचे, हे आता लक्षात आले असेल. पण येथेही एक गैरसमज आड येतो. पाणी जोराने रटरटले म्हणजे मांस लवकर शिजते, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः पाणी मंद उकळो की खळाखळा, उघड्या भांड्यात त्याचे तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. जास्तीची सारी उष्णता वाफ करण्यात खर्ची पडते.

हिशेब करू. एक लिटर पाणी ३० अंशांवरून १०० अंशांवर आणायला ७० किलोकॅलरी लागतात. त्याच पाण्याची संपूर्ण वाफ करायला मात्र सुमारे ५४० किलोकॅलरी लागतात, म्हणजे जवळजवळ आठपट! समजा, दोन तास खळाखळा उकळून दोन लिटर पाणी अधिक उडाले. म्हणजे १०८० किलोकॅलरी फुकट गेल्या. एक किलो वाळलेल्या लाकडातून सुमारे ४००० किलोकॅलरी मिळतात असे धरू. पण तीन दगडांच्या चुलीत त्यांतील दहा टक्केच भांड्याला मिळतात असे मानले तर प्रत्यक्ष उपयोग ४०० चाच. १०८० भागिले ४०० म्हणजे २.७. सुमारे पावणेतीन किलो सरपण केवळ वाफ करण्यात गेले आणि मांस एक मिनिटही लवकर शिजले नाही!

म्हणून एकदा उकळी आली की झाकण ठेवावे, लाकडे मागे ओढावीत आणि रस्सा जेमतेम बुडबुडत ठेवावा. प्रेशर कुकर असेल तर त्याहून बरे. त्यात दाब वाढल्यामुळे पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते आणि कोलॅजेन झपाट्याने विरघळते. उंचीवर उलटे घडते. दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो. १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्या माथ्यावर कोणी जून कोंबडा उघड्या पातेल्यात शिजवायला ठेवला, तर पाणी सुमारे साडेचौऱ्याण्णव अंशांवरच उकळेल आणि त्याला बराच वेळ ताटकळावे लागेल.

जीवाणूंचा हिशेब

मुरवण जीवाणूंनाही आवडते. मांसावरील काही जीवाणू उष्ण हवेत दर वीस मिनिटांनी दुप्पट होऊ शकतात. चार तासांत बारा वेळा दुप्पट, म्हणजे एका जीवाणूचे ४०९६, आणि शंभरांचे चार लाखांहून अधिक! म्हणून शीतकपाट नसेल तर उन्हाळ्यात मांस तासाभरापेक्षा जास्त वेळ बाहेर मुरत ठेवू नये. शीतकपाट असेल तर मांस त्यातच मुरवावे. कच्च्या मांसाचे मुरवण तयार पदार्थावर ओतू नये. कच्च्या मांसाला लावलेली सुरी धुतल्याखेरीज कांदा-कोथिंबीर कापू नये. कोंबडीच्या सर्वांत जाड भागाचे तापमान ७४ अंशांपर्यंत गेलेच पाहिजे. वरून करपली आणि आतून कच्ची राहिली, अशी कोंबडी धोक्याची असते.

करून पाहा

हा प्रयोग करायला मांस लागत नाही. शाकाहारी विद्यार्थ्यांनाही तो शाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली करता येईल. दुधातील केसीन हेही प्रथिनच आहे आणि पपेन त्यावरही काम करते.

साहित्य : कोमट दूध, एक कच्ची पपई, लिंबू, किसणी, स्वच्छ फडके, चार पेले.

कृती : पपई सालीसकट किसून फडक्यातून रस पिळून घ्या. त्यातील अर्धा रस बाजूला काढून वीस मिनिटे उकळा व गार करा. चारही पेल्यांत अर्धा-अर्धा कप कोमट दूध घ्या. पहिल्या पेल्यात काहीच घालू नका. दुसऱ्यात दोन चमचे कच्चा रस, तिसऱ्यात दोन चमचे उकळलेला रस आणि चौथ्यात दोन चमचे लिंबाचा रस घालून ढवळा. अर्धा तास दर पाच मिनिटांनी निरीक्षणे लिहून ठेवा. प्रयोगातील दूध पिऊ नका.

दुसऱ्या आणि चौथ्या पेल्यातील दूध फाटेल किंवा विरजल्यासारखे होईल, पण कारणे निराळी आहेत. चौथ्यात आम्लाने काम केले, दुसऱ्यात विकराने. तिसऱ्या पेल्यातील दूध जसेच्या तसे राहिले तर त्यावरून तुम्ही कोणता निष्कर्ष काढाल? आणि पहिला पेला मुळात ठेवलाच कशासाठी?

विचार करा

१. मांस अर्धवट शिजून रस्सा खळाखळा उकळू लागल्यावर पपईचा तुकडा टाकला, तर त्याचा उपयोग किती होईल?

२. एक इंच जाडीचा तुकडा दोन्ही बाजूंनी मुरवला. मीठ त्याच्या मध्यापर्यंत पोहोचायला सुमारे किती तास लागतील? वर दिलेल्या नियमाने काढा.

३. मांस लवकर शिजावे म्हणून रश्शात नारळाच्या करवंटीचा तुकडा टाकावा, असे काही ठिकाणी सांगतात. हे खरे की खोटे, हे ठरवण्यासाठी तुम्ही प्रयोग कसा आखाल? कोणत्या गोष्टी दोन्ही भांड्यांत सारख्या ठेवाल आणि ‘मऊ झाले’ हे कसे मोजाल?

४. तुमच्या घरी एखादा पदार्थ शिजवताना किती सरपण किंवा गॅस केवळ वाफ करण्यात जातो, हे मोजता येईल का? झाकण ठेवून आणि न ठेवता, भांड्याचे वजन सुरुवातीला आणि शेवटी घेऊन पाहा, आणि आलेला हिशेब स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला दाखवा.